एका पेटीची खेप

“सदोबाला दहाचाकी झेपली नसेल, म्हणून ही बाहुली आणली!” अड्ड्यावरचा म्हातारा ट्रक शेजारच्याला हळूच म्हणाला. गाड्या बोलत असत त्या काळची ही गोष्ट. पूजेचा हारही सुकला नव्हता, तोच नव्या पिकअपच्या कानावर हे पडलं.

खरं तर तातडीचा माल पोहोचवायचा म्हणूनच सदोबानं ही चपळ गाडी निवडली होती. पहिलीच खेप बर्फ भरलेल्या एका पेटीची, वासरांच्या लशीची. एवढ्या हौद्यात एवढीशी पेटी! पिकअपला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“धनी, अजून काही भरा ना. रिकामी पाठ बघून सगळे हसतात.”

हसणं सदोबानंही ऐकलं होतं. त्यानं कांद्याची पोती चढवली. ती गावोगाव उतरवता उतरवता ऊन तापलं, बर्फाचं पाणी झालं. शेवटी दवाखान्यात गुरांच्या डॉक्टरांनी पेटीत हात घातला आणि झाकण लावलं. ताटकळलेल्या बायका वासरं घेऊन माघारी वळल्या.

अड्ड्यावर परतताच म्हाताऱ्यानं विचारलं, “काय सूनबाई, किती ओढलंस?”

“तुम्हाला दिसावेत म्हणून कांदे ओढले, मामंजी,” ती खाली मान घालून म्हणाली, “आणि वासरांची लस वाटेत नासवली.”