केरबा शिंप्याची बिनजोडाची काठी

घाटावर चाफेवाडी नावाचं गाव होतं आणि तिथं केरबा माळवदे नावाचा शिंपी राहायचा. हात सोन्याचा, पण तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. दुकानात पाय ठेवला की गिऱ्हाइकाची उलटतपासणी सुरू. सदरा कशाला पाहिजे? लग्नाला का रानात घालायला? सायकल चालवता का? जेवून आलाय का उपाशी? एकदा सरपंच घाईघाईनं आले आणि म्हणाले, "केरबा, माप राहू दे, तू अंदाजानं शिव." केरबानं त्यांचं कापड नीट घडी घालून त्यांच्याच हातात परत दिलं. म्हणाला, "आधी टेप, मग कात्री. जमत नसंल तर दुसरा शिंपी बघा."

असा हा माणूस. सुट्टीच्या दिवशी तो गावच्या तळ्यावर बांबूची काठी घेऊन बसायचा आणि चार मासे धरून आणायचा. त्यामुळं मासेमारीतलंही आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याची एकुलती एक लेक वैजयंता. लाडानं वैजू. ती लग्न होऊन शिंपलेवाडीला गेली. शिंपलेवाडी अगदी समुद्राला चिकटून. लग्नाला सहा महिने झाले तरी वैजू माहेरी आली नव्हती. तिच्या आईनं, सरूबाईनं, खोली सारवून ठेवली होती आणि ती रोज एकदा तरी एसटीच्या रस्त्याकडं बघून यायची.

आता शिंपलेवाडीची एक रीत होती. नवी सून पहिल्यांदा माहेरी जायची ती दिवाळीनंतर, समुद्र शांत झाल्यावर. तिला न्यायला बापानं यायचं. खडकावर उभं राहून, गळानं, स्वतःच्या हातानं एक मासा धरायचा आणि विहिणीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा. ज्या पाण्याकाठी लेक दिली, त्या पाण्याशी बापाची तोंडओळख झाली पाहिजे, असं तिथली माणसं म्हणत. जाळं चालायचं नाही, होडी चालायची नाही, बाजारचा मासा तर अजिबातच नाही. मुदत दोन दिवसांची. मासा मिळाला तर लेक महिनाभर माहेरी. नाही मिळाला तर बापानं एकटं परत जायचं आणि पुढच्या दिवाळीची वाट बघायची.

वैजूनं फोनवर हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आबा, मी पिशवी भरून ठेवलीय. तेवढा मासा धरा बाई!"

"अगं, मासा म्हंजे काय वाघ हाय?" केरबा म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी नवी काठी घ्यायला तालुक्याला गेला. बांबूची काठी समुद्रावर कशी न्यायची? विहीणबाई काय म्हणतील?

तालुक्याला दस्तगीरचाचांचं गळ, दोरे आणि काठ्यांचं जुनं दुकान होतं. चाचांनी केरबाला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "कुठं उभं राहून फेकणार? खडकावरून की वाळूवरून? आमिष केवढ्या वजनाचं? आणि तिथवर जाणार कशानं?"

केरबाला राग आला. "अवो चाचा, तुमी काठी दावा. एवढी चौकशी कशाला?"

बघा हं, कोण म्हणतंय!

चाचा शांत माणूस. त्यांनी मागून एक पिशवी आणली, दीड हात लांबीची. तिच्यातून एका काठीचे चार तुकडे काढले, एकात एक बसवले आणि नऊ फुटांची काठी केरबाच्या हातात दिली. बारीक, हलकी, शेंड्याला लवचीक. "एसटीनं जाणार असाल तर ही घ्या. मांडीवर ठेवून न्या. तिथं पोचलात की जोडा. हलकं आमिष लांब फेकते."

केरबानं काठी हातात धरली आणि तिच्या जोडांवरून बोट फिरवलं. एक जोड, दोन जोड, तीन जोड. त्याचं तोंड वाकडं झालं.

"ही तुकड्यांची काठी? लेकीच्या सासरी ठिगळ घिऊन जाऊ का मी? चाचा, मी शिंपी हाय. जोडाचं कापड कुणी लग्नाला घालतं का? जोड तिथं कच्चं. मला सलग दाखवा. सगळ्यात लांब आणि सगळ्यात जाड. समुद्र हाय तो, आमचं तळं न्हवं!"

चाचांनी एक उसासा टाकला आणि कोपऱ्यातली बारा फुटांची काठी काढली. एकसंध, अंगठ्याएवढी जाड, मुठीशी सोनेरी दोरा गुंडाळलेला. केरबाचे डोळे चमकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं एखाद्या वस्तूला टेप लावली नाही.

प्रवासाच्या दिवशी मजा झाली. काठी एसटीच्या दारातून आत जाईना. आडवी केली तर दोन्हीकडं अडकली, उभी केली तर टपाला लागली. शेवटी मधल्या खिडकीतून आत घातली, तेव्हा पुढचं टोक ड्रायव्हरच्या पाठीला टेकलं आणि मागचा शेंडा खिडकीतून बाहेर राहिला. सगळी गाडी हसायला लागली.

"काका, हा खांब कुठं रोवायचाय?" कंडक्टरनं विचारलं. "याला अर्धं तिकीट लावू का पूर्ण?"

केरबानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडी घाटात शिरली. तिसऱ्या वळणावर रस्त्याकडेच्या जांभळाची एक फांदी खाली आलेली होती. कडाड्! केरबा खिडकीकडं धावला. शेंड्याकडची अडीच-तीन फूट काठी घाटात राहिली होती.

शिंपलेवाडीला पोचल्यावर वैजू धावत आली आणि बापाच्या गळ्यातच पडली. तिची भरलेली पिशवी दाराशीच ठेवली होती. विहीणबाई, म्हणजे दुर्गाबाई, ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, पण नजर पक्की. त्यांनी काठीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, काठी शेंड्याकडून जरा तोकडी झालीय वाटतं."

खरं सांगायला काय झालं होतं? पण केरबानं मान ताठ केली. "तो कंडक्टर धसमुसळा निघाला. काठी एक नंबरची हाय. उरलीय तेवढी बास झाली."

"असेल," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

पहिला दिवस केरबानं खडकावर काढला. चमचमत्या पत्र्याचं हलकं आमिष त्यानं दोऱ्याला बांधलं होतं. तिथल्या खडकावरून तेच चालायचं, कारण मासे उथळ पाण्यात यायचे. पण ती जाड काठी वाकेल तर ना! जोर लावून फेकावं, तर आमिष चार हातांवर पडायचं. एकदा तर त्याच्याच टोपीत येऊन अडकलं. केरबानं आधी वाऱ्याला शिव्या दिल्या, मग लाटांना, मग आमिष बनवणाऱ्याला. संध्याकाळी तो खांदे चोळत घरी आला तेव्हा त्याच्या हातात नुसती काठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. समोर, अगदी थोड्या अंतरावर, मासे पाण्यावर उड्या मारत होते. केरबाचं आमिष तिथवर पोचतच नव्हतं. दुपार झाली. तो जेवायला म्हणून घरी आला आणि दारातच थबकला.

दाराशी पिशवी नव्हती. वैजूनं ती उचलून आत नेली होती. एकेक लुगडं काढून ती परत कपाटात ठेवत होती. आईसाठी घेतलेल्या बांगड्यांची डबी तिनं हातात घेतली, क्षणभर धरली आणि वरच्या फळीवर मागं सरकवली. बापाला बघून ती हसली. "येईन की आबा पुढच्या वर्षी. त्यात काय!"

 तिकडं सरू रस्त्यावर उभी असेल, हे केरबाला आठवलं. एका काठीच्या तोऱ्यापायी आपण लेकीचं माहेर घालवलं, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तो तसाच वळला, ओसरीवर गेला आणि दुर्गाबाईंसमोर खाली बसला.

"विहीणबाई, आल्या दिवशी मी खोटं बोललो. कंडक्टरची काय चूक न्हाई. दुकानदार चांगलं विचारत होता, मीच त्याच्यावर डाफरलो. आख्ख्या गावाची मापं घेतो आणि हितं अंदाजानं काठी घिऊन आलो. आता तुमीच सांगा, काय करू?"

दुर्गाबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. "दोन दिवस मी इथंच बसले आहे, व्याहीबुवा. आता विचारलंत!"

त्या उठल्या, आत गेल्या आणि छत्रीच्या शेजारी टांगलेली एक पिशवी घेऊन आल्या. आत काठीचे चार तुकडे होते. केरबा बघतच राहिला.

"ही माझी," दुर्गाबाई म्हणाल्या. "बहिणीकडं रत्नागिरीला जाते तेव्हा सोबत नेते. एसटीत मांडीवर राहते. कुठल्या खडकावर उभे होतात?"

"देवळाखालच्या."

"आमिष केवढं?"

"हलकं. बोटाएवढं."

"मग काठी बारीकच हवी. तुमचा खांब वाकणार कधी आणि फेकणार कधी?" त्यांनी पहिला तुकडा त्याच्या हातात दिला. केरबानं जोडाच्या जागी बोट फिरवलं आणि तो घुटमळला. दुर्गाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं.

"जोडाला भिताय?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही सदरा कसा शिवता हो? बाही वेगळी, गळपट्टी वेगळी, पाठ वेगळी. सलग कापडाचा सदरा बघितलाय कधी?"

 केरबाला जे हसू फुटलं ते आवरेना. आयुष्यभर जोडच तर घातले होते त्यानं! आतून वैजूही हसत बाहेर आली.

"पण रीतीत बसंल का? काठी तुमची," केरबानं विचारलं.

"रीत हाताची आहे, काठीची नाही. उठा, ऊन कलतंय."

दुर्गाबाईंनी जोडांना मेणबत्तीचं मेण चोळायला शिकवलं, म्हणजे तुकडे घट्ट बसतात आणि अडकतही नाहीत. पुढचं केरबाला शिकवावं लागलं नाही. दोरा ज्या कड्यांमधून जातो त्या सगळ्या कड्या एका रेषेत याव्या लागतात. केरबानं एक डोळा मिटला आणि काजांच्या रेषेत गुंड्या लावाव्यात तशा त्या बरोबर लावल्या. दुर्गाबाईंनी काठी डोळ्याशी धरून पाहिली आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

खडकावर गेल्यावर केरबानं काठी मागं घेतली आणि फेकली. काठी वाकली, सरळ झाली आणि आमिष सरसरत गेलं ते थेट उड्या मारणाऱ्या माशांच्या पलीकडं. "आई शप्पथ!" केरबा ओरडला. पहिल्या फेकीला काही लागलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या फेकीलाही नाही. सूर्य खाली उतरत होता. वैजू खडकावर बसून नखं खात होती. केरबानं या वेळी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. तो फेकत राहिला आणि दोरा गुंडाळत राहिला.

आणि हिसका बसला! काठी कमानीसारखी वाकली. तीनही जोड गच्च राहिले. वैजू उभी राहून ओरडायला लागली, "आबा, सोडू नका! आबा, हळू! आबा, ओढा!" बिचाऱ्यानं नेमकं करायचं काय? पण त्यानं दोरा हळूहळू ओढला आणि लालसर, टपोऱ्या डोळ्यांची एक तांबोशी खडकावर येऊन तडफडायला लागली.

केरबानं गळ्यातली टेप काढली आणि माशाला लावली. "चौदा इंच!" तो लेकीला म्हणाला. दुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरात त्यानं तो मासा ठेवला, तेव्हा वैजूची पिशवी पुन्हा भरून दाराशी आली होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीनं निघाले. तुटकी काठी दुर्गाबाईंनी आधीच आणखी तोडून मापात आणली होती, म्हणून ती निमूटपणे फळीवर मावली. तालुक्याला गाडी बदलायची होती. केरबा लेकीला घेऊन तडक दस्तगीरचाचांच्या दुकानात शिरला आणि त्या दिवशीच्याच स्टुलावर बसला.

"चाचा, विचारा."

"काय विचारू?"

"त्या दिवशी विचारत होता ते. पहिल्यापासनं विचारा. मी सगळ्याची उत्तरं देतो." आणि माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा तो शहाण्यावाणी ताठ बसला. वैजूला हसू दाबता येईना. चाचांनी गंभीर चेहऱ्यानं एकेक प्रश्न विचारला, केरबानं एकेक उत्तर दिलं आणि ती चार तुकड्यांची काठी पिशवीसकट काखेत मारूनच बाहेर पडला. जाता जाता चाचांनी बजावलं, "खाऱ्या पाण्यावरून आलात की गोड्या पाण्यानं धुवा."

"धुतो. आणखी काय इचारायचं राहिलं असंल तर तेबी इचारा," केरबा म्हणाला.

चाफेवाडीच्या रस्त्यावर सरूबाई उभीच होती. वैजू गाडीतून उतरली आणि मग त्या मायलेकींनी काठीकडं, माशाच्या गोष्टीकडं आणि केरबाकडं बराच वेळ बघितलंसुद्धा नाही.

त्या जाड काठीचं काय झालं म्हणता? ती केरबाच्या दुकानात दोन भिंतींमध्ये आडवी टांगलेली आहे. तिच्यावर शिवून तयार झालेले सदरे लटकतात. एखादं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "केरबा, किती प्रश्न विचारतोस रे!" तर केरबा नुसतं वर बोट दाखवतो.

तात्पर्य: वस्तू घेताना ती किती मोठी दिसते हे बघू नये. ती कुठून न्यायची आहे आणि तिनं कोणतं काम करायचं आहे, याचं माप आधी घ्यावं. आणि जे प्रश्न आपण रोज दुसऱ्यांना विचारतो, ते कुणी आपल्याला विचारले तर रागावू नये, उत्तर द्यावं.