घार नवी की जुनी?

"बारा गलबतं, आणि बाराही म्हातारी!" शिंपलेगडचा राजा शूरपाळ भर दरबारात कडाडला. "चाचे आमच्या नाकावर टिच्चून व्यापाऱ्यांचे मचवे लुटतात, आणि आमची लढाऊ गलबतं धापा टाकत बंदराबाहेर पडतात! मोडून टाका सगळी. नवी विकत घ्या!"

परदेशी सौदागर मिशीतल्या मिशीत हसला. त्याचं नवंकोरं गलबत बंदरात झळकत उभं होतं.

मागं उभ्या धर्मा तांडेलाला मात्र हे ऐकवेना. 'घार' नावाच्या गलबतावर त्यानं उभा जन्म काढला होता. गलबतं गेली की गोदीतल्या साऱ्या चुली विझणार! पण राजापुढं बोलायचं कोणी? शेवटी त्याची लेक आवडी पुढं झाली. ती शिडं शिवायची, आणि तिची जीभ सुईहून टोकदार होती.

"महाराज, घोड्याचा नाल झिजला म्हणून कुणी घोडा मोडीत काढतं का?"

"असं?" राजा इरेला पेटला. "मग घार नवी करून दाखव! पण ती आमच्या आबासाहेबांनी बांधलेली आहे. तिची एक फळीसुद्धा बदलायची नाही. पुनवेला या नव्या गलबताशी शर्यत. हरलीस, तर बाराही गलबतं सरपणाला!"

"फळी नाही बदलणार, महाराज. बाकीचं बदललं तर चालेल ना?"

"कर काय करायचं ते!"

आवडीनं सारी गोदी कामाला जुंपली. घारीच्या बुडाला चिकटलेली शिंपल्यांची पुटं खरवडली. डोलकाठी उंच केली. गंजक्या, बोजड तोफा उतरवून हलक्या, लांब पल्ल्याच्या तोफा चढवल्या. शिडं तर तिनं स्वतः बसून नव्या घाटाची शिवली.

"पोरी, म्हातारीला नवरीसारखी नटवतेस की गं!" धर्मा कुरकुरला.

"नटू दे की बा, वरातीच्या पुढं पळायचंय तिला!"

पुनवेला सारा गाव किनाऱ्यावर लोटला. इशारत झाली आणि सौदागराचं गलबत बाणासारखं सुटलं. पण खडकांपाशी नवं गलबत बिचकलं आणि लांबच्या वळणानं गेलं. धर्मानं घार नेमकी खडकांमधून काढली, नव्या शिडांत वारा टच्च भरला, आणि ती सौदागराच्या आधी किनाऱ्याला लागली!

लोक नाचू लागले. सौदागर मात्र राजाच्या कानाशी लागला. हट्टी राजालाही हार सहजासहजी पचेना.

"थांब पोरी! आता सांग, ही घार नवी की जुनी? जुनी म्हणालीस, तर नवी करायचा आमचा हुकूम मोडलास. नवी म्हणालीस, तर आबासाहेबांची घार कुठं घालवलीस? काहीही म्हण, शिक्षा ठरलेली!"

आवडीनं राजाकडं एकदा नीट निरखून पाहिलं, आणि तिच्या गालाला खळी पडली.

"महाराज, अभय असेल तर बोलते. आपल्या पडलेल्या दातांच्या जागी गेल्या साली हस्तिदंताचे बसवले. डोळ्यांवर चष्मा चढला. मिशांना तर दर सणाला कलप लागतो..."

"ए पोरी, तोंड सांभाळ!" सेनापती ओरडला.

"बोलू द्या तिला," राजा म्हणाला. पण त्याचा हात हळूच मिशीकडं गेला.

"मग आपणच सांगा, महाराज. आपण नवे की जुने? नवे असाल, तर आमचे जुने महाराज कुठं हरवले, हे राणीसाहेबांना कोण सांगणार? आणि जुने असाल, तर सौदागराकडं नवा राजा मिळतो का, विचारून बघू?"

आधी राजाशेजारी बसलेल्या राणीसाहेब पदराआड खुदकन हसल्या. मग राजा असा गडगडून हसला, की हस्तिदंती दात थेट त्याच्या ओंजळीत आले! ते घाईघाईनं बसवून, डोळे पुसत तो म्हणाला, "अगं, आम्ही आहोत तेच आहोत! नुसती डागडुजी झालीय!"

"घारीचंही तेच झालंय, महाराज!"

राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात घातलं. "आजपासून गोदीचा कारभार तुझा. उरलेली अकराही अशीच नटव!"

मग तो सौदागराकडं वळला. "तुम्ही शिडांचं चांगलं कापड तेवढं धाडा. राजा सध्या आहे तोच पुरे!"