आत्याची गळकी घागर

एका गावात तांबटांची एक आळी होती. उजाडलं की तिथं तांब्यावर हातोड्या पडायला लागायच्या, त्या दिवेलागणीलाच थांबायच्या. बाहेरगावचा पाहुणा कानात बोटं घालायचा. आळीतली तान्ही पोरं मात्र त्याच आवाजात गाढ झोपायची.

या आळीत दोन भाऊ होते. दोघांनाही बायकापोरं नव्हती. एकाच ऐरणीवर समोरासमोर बसून ते घागरी मठारायचे, म्हणजे ठोकून ठोकून तांब्याला आकार द्यायचे. थोरल्याचा एक ठोका, त्यावर धाकट्याचा एक. दिवसभर तोंडाने बोलायची त्यांना गरजच पडायची नाही.

पावसाळ्याच्या तोंडी थोरला तापाने गेला. दिवसकार्य उरकल्यावर धाकटा ऐरणीपाशी बसला, एक ठोका मारला आणि सवयीने समोरच्या ठोक्याची वाट पाहत राहिला. तो काही आला नाही. धाकट्याने हातोडी खाली ठेवली, ती ठेवलीच.

आता या आळीची एक रीत होती. कुणाचं मन खचलं की त्याला निवांतपणा द्यायचा. रीत चांगलीच होती. पण भली माणसं एकदा भलेपणा करायला लागली की त्यांना आवरणार कोण? समोरच्या शेजाऱ्याने धाकट्याची हातोडी आपल्या घरी नेऊन ठेवली, नजरेला पडायला नको म्हणून. कुणी खिडक्यांना गोणपाट लावलं, उन्हाचा त्रास नको म्हणून. बायका आळीपाळीने दाराशी ताट ठेवून पाऊल न वाजवता परत जायच्या. शेवटी सगळ्यांनी आपापल्या ऐरणी उचलून नाल्यापलीकडच्या माळावर नेल्या. धाकट्याच्या कानावर ठोका पडायला नको.

धाकटा अंधारात पडून राहिला. आधी निम्मं ताट परत यायचं, मग भरलेलंच यायला लागलं. हाक मारली तर तो ओ देईनासा झाला. आळी म्हणायची, अजून निवांतपणा द्यायला हवा.

याच आळीत एक आत्या राहायची. कुणाची आत्या ते कुणालाच आठवत नव्हतं. जिभेला हाड नाही म्हणून सगळे तिला वचकून असायचे. थोरल्याचं दिवसकार्य झाल्यावर ती लेकीच्या बाळंतपणाला दूरगावी गेली होती. दिवाळी उलटल्यावर परतली आणि आळीच्या तोंडाशीच थबकली. एकही ठोका ऐकू येईना. भरल्या उजेडात आळी अशी गप्प कधी असते का? पटकी येऊन माणसं मेली की काय, असं वाटून ती झपाझप चालायला लागली.

पुढे गेली तर देवळामागे हिरवेगार बांबू तोडून ठेवलेले, शेजारी कोरं मडकं आणि पांढऱ्या कापडाची घडी.

"कोण गेलं?" तिने समोरच्या शेजाऱ्याला विचारलं.

शेजाऱ्याने खाली पाहिलं. गेलं कुणी नाही, पण धाकट्याचं काही खरं नाही, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून आणून ठेवलंय, असं तो हळू आवाजात म्हणाला.

आत्याचं बोचकं हातातून गळून पडलं. माणूस भिंतीपलीकडे श्वास घेतोय आणि इथं त्याच्या तिरडीचे बांबू वाळताहेत. तेही प्रेमाने.

ती घरी गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती काखेत आपली जिवापाड जपलेली घागर घेऊन, आणि धाकट्याच्या दारावर तिने मुठीने धडाधड मारायला सुरुवात केली. आळी हादरली. दुखवट्यातल्या माणसाचं दार असं कुणी वाजवतं?

"धाकट्या, माझी घागर गळतेय," ती ओरडली.

बऱ्याच वेळाने आतून क्षीण आवाज आला, की आत्या, दुसऱ्या कुणाकडे ने.

"नेते की. पण ही तुझ्या थोरल्याने केलेली शेवटची घागर आहे. त्याच्या ठोक्यावर दुसऱ्याचा ठोका पडला तर चालेल ना तुला?"

आत पावलं घासत दाराशी आली. मग कडी निघाली.

दारात उभा राहिलेला माणूस पाहून आत्याने मुकाट घागर पुढे केली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, उजेडाने मिटलेले. त्याने घागर घेतली आणि तिच्या पोटावरून बोटं फिरवली. भोक शोधायचं तर घागर उन्हाकडे धरून तोंडातून आत पाहावं लागतं, म्हणून तो ओट्यावर उन्हात आला. डाख द्यायचा, म्हणजे भोक सांधायचं, तर शेगडी पेटवायला हवी. ती त्याने पेटवली. कड ठोकून बसवायला हातोडी हवी. ती समोरच्या घरी आहे म्हटल्यावर आत्या म्हणाली, माझे गुडघे दुखतात, तूच जाऊन आण. धाकटा आपलीच हातोडी मागायला दारी आलेला पाहून शेजारी धावतच ती घेऊन आला.

काम झालं तर आत्याला ते पटेना. नदीवर भरून पाहिल्याशिवाय मी ताब्यात घेणार नाही म्हणाली. भरली घागर उचलायला पुन्हा तिचे गुडघे आडवे आले. धाकटा थांबत, बसत, धापा टाकत नदीवर जाऊन आला. परतल्यावर आत्याने त्याला आपल्या ओट्यावर बसवून पिठलं-भाकरी वाढली. एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही, तू समोर बस, असं तिने दटावलं. त्याने भाकरीचा चतकोर खाल्ला आणि तिथंच भिंतीला टेकून झोपला.

दुसऱ्या दिवशी घागर दुसरीकडून गळायला लागली. तिसऱ्या दिवशी बुडातून. रोज ऊन, रोज शेगडी, रोज नदी, रोज आत्याची भाकरी आणि तिची अखंड बडबड. धाकट्याचं दुःख गेलं नव्हतं. जेवता जेवता तो कधी थांबून रडायचाही, तेव्हा आत्या गप्प बसून राहायची. पण चतकोराची अर्धी झाली, अर्धीची अख्खी. गोणपाट त्याने स्वतः काढलं.

एका दुपारी शेजाऱ्याची बायको भांडी घासायला परसात गेली आणि कुंपणापलीकडे पाहून जागीच खिळली. आत्या घागर पालथी घालून बसली होती. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात दगड.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. आळी सुन्न झाली. थोरल्याच्या हातची शेवटची घागर ती. मेलेल्या माणसाच्या कामात खिळे ठोकायचे? आणि दुखावलेल्या भावाला असं फसवायचं? सगळे आत्याला घेऊन धाकट्याच्या ओट्यावर गेले. शेजाऱ्याने झालेला प्रकार सांगितला. आत्या मान खाली घालून उभी राहिली. आता हा पुन्हा दार लावून घेईल, एवढीच तिला भीती वाटत होती.

धाकटा शेगडी फुंकत होता. त्याने वर पाहिलं.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," तो म्हणाला. "झिजून पडलेल्या भोकाची कड पातळ होते. बाहेरून ठोकलेल्या भोकाची आत वळते. तांबटाला एवढं कळत नाही होय?"

आळीला दुसरा धक्का बसला. शेजाऱ्याने विचारलं, मग बोलला का नाहीस?

"पहिल्या दिवशी राग आला, म्हणून बोललो नाही. त्या रात्री मनात आलं, की आत्या या घागरीला कुणाचा हात लागू देत नाही. तीच घागर ती माझ्यासाठी फोडतेय. तुम्ही सगळ्यांनी माझं काम हातातून काढून घेतलंत. ही एकटी रोज नवं काम घेऊन आली."

तेवढ्यात धाकट्याची नजर गर्दीवरून देवळामागून डोकावणाऱ्या बांबूंवर गेली आणि ते कशाला आहेत, असं त्याने विचारलं. कुणाचीच जीभ उचलेना. त्या गप्प राहण्यातूनच त्याला उमगलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मग तो सावकाश म्हणाला, "एवढे लांब? माझ्या मापाचे तरी आणायचे."

आणि तो हसला. थोरला गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारी मात्र ढसाढसा रडायला लागला. तो तसाच माळावर गेला, आपली ऐरण खांद्यावर घेऊन आला आणि धाकट्याच्या समोर मांडून बसला. धाकट्याने ठोका मारला. शेजाऱ्याचा ठोका जरा उशिरा पडला, थोरल्यासारखा नव्हता, पण समोरून पडला.

बांबूंचा आत्याने परसात दोडक्याला मांडव घातला. आणि त्या आळीत पुढे कुणाचं दार फार दिवस बंद राहिलं, की कुणाची ना कुणाची घागर गळायला लागायची.

तात्पर्य काय, तर खचलेल्या माणसाला नुसता निवांतपणा देऊन सोडू नये. त्याला ऊन, काम, चार पावलांची वाट आणि सोबतीचा घास द्यावा, त्यासाठी आपली चांगली घागर फोडावी लागली तरी.