लवंगीला पडता येईना

हिंमत असेल तर यातला एक शब्द खरा मानून दाखव. भलेभले बसले इथं आन् निम्म्यातच उठून गेले. तू बस. मांडी घालून बस, जरा बरा दिसशील.

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नकोस, भूगोल यायच्या आधीच मला शाळेतून काढली, तर एका राज्यात लवंगी नावाची बाई होती. दुपारी सर्कशीत दोरावर चालायची, संध्याकाळी राजाच्या मदिरामहालात गायची. दोराखाली जाळी, महालात दारुडे. त्यातल्या त्यात जाळी बरी, म्हणायची.

त्याच राज्यात गुग्गुळनाथ नावाचा मायावी होता. तो दारात यायच्या आधी त्याचं पोट यायचं. दाढीत मुंग्यांचं वारूळ. एकदा तो लवंगीला म्हणाला, "सुंदरी, मला वर."

लवंगी म्हणाली, "आधी मुंग्यांना विचारा, सवत चालेल का."

गुग्गुळनाथ तापला. चिमूटभर राख फुंकून म्हणाला, "जा, दोरावरून तू कधीच पडणार नाहीस."

लवंगीनं पेढे वाटले. असला शाप रोज द्या, म्हणाली.

पण बातमी गावभर झाली. ही पडणारच नाही, तर बघायचं काय? लोक तंबूत येऊन डुलक्या घ्यायला लागले. एक बाई तर पुढं बसून मेथी निवडायची. सर्कसवाल्या हंबीरशेठनं जाळी सोडली आन् परसात तिच्यावर दुधीचा वेल चढवला. शेवटी राजाचा हुकूम आला: पुनवेपर्यंत खेळात सभा दचकली नाही, तर तंबू उखडा, हत्तीला लाकडं ओढायला लावा, आन् त्या बाईला वेशीबाहेर काढा.

लवंगी रडत काकाकुव्याकडं गेली. जन्मभर सर्कशीत तोफ उडवून तो एका कानानं बहिरा झालेला. तोंड मात्र शाबूत.

"पक्षीराज, शाप कसा सुटेल?"

"ज्यानं दिला, त्याच्याच काळजात तुझ्यासाठी धस्स झालं पाहिजे. तीन खेळांत जमव."

"तीनच का?"

"चौथ्यापर्यंत कोण जागं राहतंय?"

पहिल्या खेळाला लवंगीनं मगरींच्या डोहावर दोर बांधला. गुग्गुळनाथ पहिल्या रांगेत बसून जांभया देत होता. ते बघून मगरींनाही जांभया आल्या.

दुसऱ्या खेळाला डोळ्यांवर पट्टी बांधली, डोक्यावर पेटती शेगडी घेतली आन् दोरावरून चालत पुऱ्या तळल्या. गुग्गुळनाथानं खालून पुऱ्या झेलल्या, खाल्ल्या, आन् बटाट्याची भाजी मागितली.

पुनव आली. लवंगी म्हणाली, "पक्षीराज, आता?"

"आता मलाही सुचेना. मी तोफवाला माणूस."

"तुम्ही पक्षी आहात."

"तेच ते. पण काय गं, तो मेला रोज महालात कशाला येतो? दारू तर पीत नाही."

"गाणं ऐकायला. शेवटचा वरचा सूर लागेपर्यंत श्वास धरून बसतो."

काकाकुव्यानं मान वाकडी केली. "शाप तुझ्या पायांना दिलाय. गळ्याला नाही."

लवंगी म्हणाली, "माझा सूर आजवर फाटला नाही. माझ्यापाशी तेवढंच उरलंय."

"मग तेच पणाला लाव."

भरल्या तंबूत, राजाच्या सिंहासनासमोर, लवंगी दोरावर चढली आन् मधोमध उभी राहून गायला लागली. सूर वर चढला, आणखी वर चढला. गुग्गुळनाथानं डोळे मिटले, श्वास धरला. मेथीवालीची काडी हातातच राहिली. आन् शेवटच्या पायरीवर लवंगीनं सूर सोडून दिला. जुनं लुगडं फाटावं तसा टरकन फाटला.

गुग्गुळनाथ ताडकन उठला. छातीवर हात ठेवून ओरडला, "सांभाळ गं!"

झालं. शाप सुटला. आन् शाप सुटला म्हणजे काय झालं? लवंगी पडली. जाळी कुठं? परसात, दुधीखाली.

पण पुढं येऊन उभं होतं कोण? पोट. लवंगी त्यावर आदळली, उसळली, हवेत दोन कोलांट्या मारून पायांवर उभी राहिली. मेथी उधळली. राजा सिंहासनावरून "आई गं" म्हणाला. दाढीतल्या मुंग्या जीव घेऊन पळाल्या त्या थेट राजाच्या पायजम्यात. सभा दचकायची ती दचकलीच, वर राजाही नाचला.

तंबू राहिला, हत्ती राहिला. दुधी उतरवून जाळी परत लागली.

गुग्गुळनाथ दाढी विंचरून आला. "सुंदरी, आता मुंग्या नाहीत."

"मग जाळीचं हे टोक धरा," लवंगी म्हणाली. "रोज. आन् मी वर असेन तोवर डोळे मिटायचे नाहीत."

अजून धरून उभा आहे. रोज घाबरतो, रोज येतो. लग्नाचं काय झालं, ते तिलाच विचार.

खोटं वाटतंय? त्याच वेलाचा दुधी चुलीवर रटरटतोय, वास घे. वासच घे, वाढणार नाहीये मी. ऊठ, चप्पल घाल, आन् नीघ आता.