नव्या मॅडमना काय हवं होतं आणि मी काय दिलं

एका गावात एक भोळा शिपाई होता. भोळा असं गाव म्हणायचं. घरचे दुसरा शब्द वापरायचे. तो शिपाई म्हणजे मी, झुंबर गवारे. कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या दारात माझं स्टूल.

विभागाचे प्रमुख टिळेकर सर निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "झुंबर, मुलं येईनाशी झालीत. यंदा वर्ग भरले नाहीत तर कॉलेजला कुलूप लागेल. उद्या नव्या प्रमुख येतायत. त्या सांगतील तसं करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. आणि ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडायचं नाही."

डोकं न चालवणं मला कधीच जड गेलं नाही.

सकाळी एक बाई आल्या.

"ओळखपत्र?" मी विचारलं.

"अजून मिळालं नाही. आत गेल्यावर मिळेल."

"ओळखपत्राशिवाय आत जाता येणार नाही."

"अहो, मग मिळणार कसं?"

"ते नव्या मॅडमना विचारा."

"मीच नवी मॅडम. इरावती बोराडे."

"मग स्वतःलाच विचारा."

मॅडम उन्हात उभ्या राहिल्या. स्वतःला विचारत असाव्यात. शेवटी प्राचार्य आले आणि त्यांना आत घेऊन गेले.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "झुंबरभाऊ, आपल्याला माणसं हवीत. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. पाणी द्यायचं, बसवायचं. प्रवेश घेतल्याशिवाय सोडायचं नाही."

हे सोपं होतं.

दुपारी मुंडावळ्या बांधलेला एक मुलगा घाईघाईनं आला.

"काका, कार्यालय कुठंय?"

"हे काय, हेच कार्यालय."

"इथं? मांडव कुठंय?"

"मांडव नाही, पंखा आहे. बसा."

पाणी दिलं. बसवलं. बाहेरून कडी घातली.

"काका, माझं लग्न आहे!" तो आतून ओरडला.

"आधी प्रवेश."

पलीकडच्या मंगल कार्यालयात मुहूर्त टळत आला. बिचाऱ्यानं घाम पुसत बी.कॉम.चा अर्ज भरला. नवरीचा मामा त्याला शोधत आला. मी मामालाही पाणी दिलं.

मॅडमनी दोघांची सुटका केली, मामाची माफी मागितली आणि माझ्यासमोर हात जोडले. "भाऊ, आधी विचारत जा, काय हवंय? ज्याला जे हवंय ते द्यावं आणि वाटेला लावावं. बस, एवढंच."

एवढंच असेल तर मी हुशारच होतो.

मॅडम मात्र राबल्या. वाडीवाडीवर स्कूटरनं गेल्या. पोरींना धाडायला बिचकणाऱ्या आयांशी चुलीपाशी बसून बोलल्या. प्रवेशाच्या दिवशी आवार मुलामुलींनी भरून गेलं. मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले. म्हटलं, स्टूल वाचलं.

तेवढ्यात एक मोठी रिकामी बस आली. पलीकडच्या गावातल्या कॉलेजचा माणूस उतरला. त्यांच्याकडेही वर्ग ओस पडले होते.

मी नेमानं विचारलं, "काय हवंय?"

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "मुलं हवीत."

"किती?"

"असतील तेवढी. आणि प्रवेशाचं काम बघायला एखादं खमकं माणूसही हवंय. मिळतच नाही हो."

"मिळेल की."

मी मुलांना म्हटलं, "चला, बसा गाडीत." मुलांना वाटलं, कॉलेजतर्फे फिरवून आणणार. आवार रिकामं झालं. तो माणूस माझ्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता.

मॅडमनी खिडकीतून पाहिलं. अनवाणीच धावत आल्या. "उतरा रे! खाली उतरा सगळे!" असं ओरडत त्या मुलांना उतरवायला स्वतः गाडीत चढल्या.

मी मनाशी हिशेब केला. मुलं झाली. खमकं माणूसही झालं. दार लावलं, पत्र्यावर थाप मारली आणि ओरडलो, "जाऊ द्या!"

गाडी धुरळा उडवत गेली. प्राचार्य धापा टाकत बाहेर आले.

"झुंबर, मुलं कुठायत?"

"दिली, सर."

"दिली? अरे, मॅडमना बोलव लवकर!"

"त्याही दिल्या," मी म्हणालो. "आणि वाटेलाही लावल्या."