टेपचं दुसरं टोक

"हे तुला कुणी सांगितलं?"

बाईंनी विचारलं आणि पराग निमकर मनातल्या मनात हसला. घ्या, झालं सुरू!

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, एका वाचनालयाच्या माडीवर चरित्रकोशाचं ऑफिस होतं. द्वारकाबाई नाडगौडा तिथल्या मुख्य संपादक. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे पार गेलेले, डोळे मात्र शाबूत. पूर्वी कॉलेजात भूगोल शिकवायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं.

बाईंची एक खोड होती. नोंदीचं कार्ड हातात आलं की त्या पुढची बाजू वाचायच्याच नाहीत. आधी कार्ड उलटं करायच्या. मागे आधार लिहिलेले असत, म्हणजे ही माहिती कुणी दिली, कुठे छापली. ते वाचून समाधान झालं तरच कार्ड सुलटं व्हायचं. नाहीतर तसंच परत.

आत्ताही त्यांनी परागचं कार्ड उलटं धरलं होतं.

"मागची बाजू कोरी आहे."

"ह्याला आधार कशाला हवा, बाई?"

पुढच्या बाजूला परागनं ठसठशीत लिहिलं होतं : हरिभाऊ तांबवेकर. नोंद नको. मतं खोटी.

हे तांबवेकर कालव्याच्या कामावर मुकादम होते. एकोणीस पुस्तिका त्यांनी लिहिल्या, स्वतःच छापल्या आणि बाजारच्या दिवशी स्वतःच वाटल्या. सगळ्यांत सांगणं एकच. देवानं सृष्टी आज आहे तश्शीच घडवली, तीही सहा हजार वर्षांपूर्वी. आणि सह्याद्रीचा सगळा कातळ प्रलयाच्या एका दिवसात थिजला.

गेल्या वर्षी ते वारले. त्यांची मुलगी शालनताई सांगलीहून दोनदा येऊन गेली होती. "बाबांची एवढीच इच्छा होती हो. कोशात दोन ओळी." महिनाअखेरीला 'त'चा खंड छापायला जाणार होता. त्यात तांबवेकर आले तर आले, नाहीतर कायमचे राहिले.

"मी भूशास्त्राचा एम. एस्सी. आहे, बाई," पराग म्हणाला. "हा माणूस चूक आहे हे मला झोपेतसुद्धा कळतं."

"चूक आहेच. मी कुठे बरोबर म्हटलं?"

"मग?"

"चुकलेल्या माणसांना बाहेर काढायचं ठरवलं, तर कोश खिशात मावेल. तो चूक होता का, हे मी विचारलंच नाही. त्याची दखल घेतली का कुणी? मागच्या बाजूला तेवढंच लिहायचं असतं."

कार्ड परत आलं. परागला रुजू होऊन चार महिने झाले होते आणि आता शिकण्यासारखं फारसं उरलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. कार्ड खिशात कोंबून तो धाडधाड जिना उतरला.

आठ दिवसांनी तो आला तो तोंड पाडून. शालनताईंच्या पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं निघाली होती. एक नाही, दोन नाही, चौदा! साताऱ्यापासून सोलापूरपर्यंतच्या पेपरांत तांबवेकरांचं नाव छापून आलेलं.

"घ्या," तो कुरकुरला. "चौदा आधार. आता घालावंच लागणार ह्या बाबाला."

बाईंनी चौदाही कात्रणं टेबलावर मांडली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "प्रत्येकातलं पहिलं वाक्य वाच."

"'आधुनिक विज्ञानाला सप्रमाण आव्हान देणारे मिरज तालुक्याचे सुपुत्र...'"

"दुसरं."

"'आधुनिक विज्ञानाला सप्रमाण...'"

तिसरंही तेच. चौथंही तेच. सातव्याला परागचा आवाज अडखळला, अकराव्याला तो थांबलाच.

बाईंनी चौदा कात्रणं एकावर एक रचली, कडा जुळवल्या आणि त्यांना एकच टाचणी टोचली.

"हा एक."

"एक?"

"एकाच माणसानं चौदा पोस्टकार्डं पाठवली. त्यानं स्वतःच."

पराग बघतच राहिला. आठ दिवस कात्रणं त्याच्या उशाशी होती, पण ती शेजारी शेजारी ठेवून बघावीत हे काही त्याला सुचलं नव्हतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे आधार शून्य! सुटलो की आपण, बाई!"

"हसतोस कशाला?" बाई म्हणाल्या. "तू एखाद्या चोराच्या मागे लागल्यासारखा शोधतोयस. ह्या पिशवीत मुलीचं प्रेम आहे, त्याची स्वतःची हौस आहे. त्यात आधार सापडायचा नाही. ज्याला ह्या माणसाकडून काही मिळवायचं नव्हतं, उलट जो ह्याच्यावर भडकलेला होता, असा कुणी शोध. त्यानं ह्याच्यासाठी आपले किती दिवस घालवले ते बघ. मग ये."

पुढचे दहा दिवस परागनं कराड पालथं घातलं, सांगली पालथी घातली. हाती धुळीशिवाय काही लागलं नाही. अकराव्या दिवशी कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, तळघरातल्या मागच्या कपाटात, त्याला 'भूतल' नावाच्या बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव अंक सापडले. १९७४. बावीस पानांचा लेख. मथळा : 'श्री. तांबवेकर यांच्या प्रलयविचाराची तपासणी.' लेखिका : द्वारका इनामदार.

तो उभ्यानं वाचायला लागला. चौथ्या पानावर तो खाली फरशीवरच बसला.

कोण ही बाई? चार उन्हाळे तिनं तांबवेकरांनी पुस्तिकांत सांगितलेली कालव्याची प्रत्येक खोदाई पायी गाठली होती. सत्तावीस जागा. प्रत्येक ठिकाणी काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसला होता आणि तो तिनं मोजला होता. खालचा कातळ थंड होऊन ऊनपावसात हजारो वर्षं उघडा पडून राहतो, तेव्हा कुठे त्याच्यावर तेवढी लाल माती धरते. मग वरून पुढचा थर येतो. एका दिवसात हे होऊच शकत नाही. परागनं हे पुस्तकातून पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. पण टेप घेऊन भर वैशाखात कातळावर तो कधी बसला नव्हता.

आणि सबंध लेखात कुठे टिंगल नाही. एक वाकडा शब्द नाही! जिथे तांबवेकरांनी थराची जाडी बरोबर दिली होती, तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'येथे श्री. तांबवेकर यांचे माप अचूक आहे.' अशा नऊ जागा होत्या.

शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक तळटीप होती.

'सर्व मापे घेताना टेपचे दुसरे टोक स्वतः श्री. तांबवेकर यांनी धरले होते.'

ज्याचं म्हणणं खोडायचं, तोच टेप धरून उभा! आणि तोही काय माणूस म्हणायचा, आपलं खोडलं जाणार हे दिसत असताना चार उन्हाळे टेप ताणून उभा राहिला. परागनं ती ओळ पुन्हा वाचली. मग परत वाचली. शिपायानं येऊन बंद करायची वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा तो उठला.

दुसऱ्या दिवशी तो एका दमात बाईंचा जिना चढून गेला. आज कार्डाची मागची बाजू कोरी नव्हती.

"बाई, मी चुकलो होतो. त्यांना घ्यायलाच हवं. काय आधार मिळालाय म्हणून सांगू! असलं काही मी जन्मात वाचलं नव्हतं!"

बाईंनी कार्ड उलटं केलं. एकच ओळ होती. ती वाचायला त्यांना फार वेळ लागला.

खालच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची तार पिळत होतं. तार लागेना, तो पुन्हा पिळायचा.

"हा आधार चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?" पराग जवळजवळ ओरडलाच. "ह्याहून चांगला आधार अख्ख्या कोशात दाखवा मला!"

"ही लेखिका आपल्या ऑफिसातली आहे."

"आपल्या? इथे कुठे आहे कुणी इनामदार?"

"लग्नाआधी होती. आता तिचे केस पांढरे झालेत. रोज सकाळी मीच विंचरते."

पराग खुर्चीत बसला. समोरच्या सुरकुतलेल्या हातांकडे तो बघत राहिला. ह्याच हातांनी टेप धरला होता, आणि चार महिने तो ह्या हातांसमोर आपल्या एम. एस्सी.ची ऐट मिरवत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर नियम छापलाय," बाई म्हणाल्या. "संपादकाचं स्वतःचं लिखाण ह्या कोशात आधार म्हणून धरायचं नाही."

"तो नियम तुम्हीच केलाय, बाई!"

"म्हणून तर."

"एकदा... फक्त ह्यांच्यासाठी... हा एवढा एकच आधार आहे त्यांना."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं तर इतके दिवस मला कशाला फिरवलंत?"

"तू त्याला न वाचता बाहेर काढत होतास," बाई म्हणाल्या. "आता वाचून काढ."

शनिवारी शालनताई आल्या. वय पासष्टीचं, हातात तीच कापडी पिशवी. बाईंनीच सांगितलं.

"शालनताई, नोंद होणार नाही."

शालनताई काही क्षण पिशवीचे बंद कुरवाळत राहिल्या.

"म्हणजे माझे बाबा कुणीच नव्हते?"

परागनं मान खाली घातली. डोळे भरून आले होते, ते लपवायलाही त्याला जमलं नाही.

मग शालनताईंनी पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेली एक वही काढली आणि बाईंसमोर ठेवली.

"ही विसावी. छापली नाही त्यांनी. जाताना म्हणाले, नोंद झाली तर ही बाईंना मुळीच दाखवायची नाही, उपकार फेडल्यासारखं दिसेल. नाही झाली, तरच द्यायची."

बाईंनी वही उघडली, पण अक्षर बारीक होतं. त्यांनी ती परागकडे सरकवली. खूण एक्केचाळिसाव्या पानावर होती. परागनं मोठ्यानं वाचलं :

"'इनामदार बाईंनी माझे म्हणणे खोडून काढले. मला ते आजही पटलेले नाही. परंतु मापे खरी होती, हे मी शपथेवर सांगतो, कारण टेपचे दुसरे टोक माझ्या हातात होते. चार उन्हाळ्यांत बाईंनी एकही माप स्वतःच्या सोयीने वाकवले नाही. इतके खरे माणूस मी दुसरे पाहिले नाही.'"

खालची तार एव्हाना लागली होती.

बाई उठल्या. कलेक्टर आले तरी गुडघ्यांपायी खुर्ची न सोडणाऱ्या बाई टेबलाला धरून उठल्या, शालनताईंचा हात हातात घेतला आणि एक एक पायरी करत जिना उतरायला लागल्या. एकतीस पायऱ्या. पराग वरून बघत होता. दारात दोघी थांबल्या. काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही, पण शालनताईंनी वाकून बाईंच्या पायाला हात लावला आणि बाईंनी त्यांना उठवून जवळ घेतलं.

परागनं खाली जाऊन बाईंना हात दिला. वर यायला दहा मिनिटं लागली. बाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि पुढचं कार्ड ओढायला लागल्या, जसं काही झालंच नव्हतं.

पराग उभाच होता. त्याच्या मनात एक हिशेब हलत होता. 'न'चा खंड दोन वर्षांनी निघणार. ही बाई त्यात नसेल तर कोश काय कामाचा? पण बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्याच नोंदी तपासल्या. बाईंविषयी कुणी लिहिलंय तरी कुठे?

त्यानं एक कोरं कार्ड घेतलं. पुढे लिहिलं : नाडगौडा, द्वारका. मग उलटं करून मागे लिहिलं : तांबवेकर, वही विसावी, पृष्ठ ४१.

कार्ड त्यानं बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी ते उचललं. सवयीनं आधी मागची बाजू वाचली.

मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली.

"नाही चालणार, पराग," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाची आणि माझी ओळख होती."