भिवाची लेव्ही

नदीकाठच्या एका गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. पुराला अडवायला सरकारनं गावाच्या कडेनं मातीचा लांबलचक बांध घातला. साहेब त्याला 'लेव्ही' म्हणायचा. राखणदार नेमला भिवा. सासरे तातोबा म्हणाले, "जावई, एवढा पावसाळा बांध नीट राखा. न्हाईतर सारजाला माहेरी नेतो."

भिवानं साहेबाला विचारलं, "लेव्ही म्हंजे काय वो?"

"विलायतेत राजा सकाळी लोकांना भेटायचा, त्या दरबारालाही लेव्हीच म्हणत. आपली लेव्ही साधी. वाहतं पाणी दिसलं की मातीनं अडवायचं."

भिवा खूश! रोज सकाळी बांधाला मुजरा करू लागला. घरी मोरीतून पाणी वाहत होतं. घातली माती. मोरी तुंबली, चूल विझली, भाकरी पोहायला लागल्या.

सारजा कडाडली, "आवं, पाणी तुंबलं की वाट करून द्यायची!"

"आसं व्हय!"

शेजारी गंगूकाकूंकडे नातवाचं बारसं. रांजण काठोकाठ भरलेला. भिवानं पहार घेतली आणि रांजणाच्या पोटातून पाण्याला वाट करून दिली.

काकू किंचाळल्या, "मुडद्या! भोक पाडतोस? भोक दिसलं की बुजवावं!"

"आसं व्हय!"

घरी तातोबा मुक्कामाला आलेले, आ वासून घोरत होते. भिवानं मूठभर चिखल आणला आणि बुजवलं.

तातोबा थुंकत उठले. "आरं गाढवा! आधी इचारावं. हो म्हणेपतूर हात लावू नये!"

"आसं व्हय!"

मग पूर आला. खेकड्यांनी बांधाला बोटाएवढं भोक पाडलं, धार सुटली. भिवाजवळ घमेलंभर माती तयार. त्यानं वाकून मुजरा केला.

"लेव्हीबाई, बुजवू का?"

लेव्ही गप्प. भिवा मांडी घालून बसला.

धार मनगटाएवढी झाली. मग मांडीएवढी. गल्ल्या भरल्या. गूळ कढवायच्या काहिलीत सारजाला बसवून तातोबा वल्हवत आले.

"आरं, माती घाल की!"

"थांबा मामा. इचारलंय तिला."

"चल पोरी माहेरी!" तातोबांनी काहील वळवली.

तेवढ्यात बांध डुलला. एकदा, दोनदा. मग धाडकन बसला. भिवा गळाभर पाण्यात, घमेलं डोक्यावर, तोंडभर हसू.

"मामा! मान डोलावली! हो म्हणाली! आता भोक तेवढं दावा!"